किल्लीवालीचं पिस्तूल

किल्लीवालीनं नवऱ्याला भर दुपारी गोळी घातली आणि दुकानाच्या फरशीखाली पुरला, ही गोष्ट गल्लीत इतक्यांदा सांगून झाली होती की सांगणाऱ्यांना ती आता तोंडपाठ होती. इस्त्रीवाल्यानं तर आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ‘‘ठो! एकदाच. इस्त्री कॉलरवर होती, मी दचकलो, इस्त्री तिथंच राहिली, कॉलर जळाली,’’ असं तो सांगायचा. ज्याचा शर्ट होता त्यानंही कधी तक्रार केली नाही, म्हणजे बघा पुरावा किती पक्का. समोरची शिंपीणबाई त्याच्याही चार पावलं पुढं. तिनं आवाज ऐकला नव्हता, कारण त्या दिवशी ती माहेरी होती. पण धूर पाहिल्याचं मात्र ती शपथेवर सांगायची.

पिस्तूल कुणीच पाहिलं नव्हतं. पण त्यानं काय बिघडतं? ‘‘कुलपांचं दुकान आहे,’’ शिंपीणबाई म्हणायची, ‘‘लपवायला तिथं जागेला तोटा आहे का?’’

यातली खरी गंमत पुढंच आहे. ज्याचा खून झाला म्हणायचे, त्याची सख्खी धाकटी बहीण किल्लीवालीच्याच घरात राहत होती. दुकानामागं दोन खोल्या. विधवा झाल्यावर वन्सं तिथं भावाच्या आधाराला म्हणून आल्या आणि वर्ष उलटायच्या आत आधारच नाहीसा झाला. तेव्हापासून गुन्हेगार आणि मयताची बहीण, दोघी एकाच शेगडीवर आळीपाळीनं चहा ठेवत होत्या आणि साखर कुणी जास्त घातली यावरून भांडत होत्या. वन्संचा अफवेवर मुळीच विश्वास नव्हता. गल्लीत कुणी तोंड उघडलं की त्या पदर खोचून भांडायला उभ्या राहायच्या. फक्त दुकानाची फरशी पुसताना कोपऱ्यातली एक हलणारी लादी तेवढी बगल देऊन पुसायच्या.

तो दिवस वन्संना चांगला आठवत होता, कारण त्या दिवशी त्या दाढ काढायला गेल्या होत्या. गाल धरून परत आल्या तर शटर खाली आणि भाऊ गायब. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं पहिले दोन दिवस काही विचारता आलं नाही. बोळा निघाला तोवर विचारायचा धीर गेला. मग वर्षं अशी गेली की विचारायलाच लाज वाटायला लागली.

किल्लीवालीनं स्वतः अफवेला कधी ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. अफवेचे फायदे होते. एकट्या बाईच्या दुकानाशी घुटमळणारे लोक या दुकानाशी घुटमळत नसत. घासाघीस करणारं गिऱ्हाईक ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत सुटे पैसेही न घेता जायचं. घरमालक भाडं वाढवायला यायचा, हलणाऱ्या लादीकडं बघायचा आणि ‘सगळं ठीक ना?’ विचारून परत जायचा. किल्लीवालीला हसू यायचं. ती ते कानशीच्या खरखरीत लपवायची.

पण गप्प राहण्याचं कारण फायदा नव्हतं. ‘मी नाही मारला’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुठं आहे? त्या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नव्हतं.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. माणूस अबोल, पण कुलूप त्याच्याशी बोलायचं. कानाजवळ धरून किल्ली फिरवली की आत काय दुखतंय ते त्याला कळे. तो डावखुरा होता. म्हणून दुकानातली सगळी मांडणी डाव्या हाताची: लोखंड पकडायचा व्हाइस डावीकडं, कानशी डावीकडं, तेलाची कुप्पीही डावीकडंच. काम ती त्याच्याकडून शिकली, ते त्याच्या समोर नव्हे, मागं उभं राहून, त्याच्या खांद्यावरून बघत. त्यामुळं ती जन्माची उजवी असूनही दुकानात शिरली की डावरी व्हायची. तो गेल्यावर व्हाइस उजवीकडं घ्यायला कितीसा वेळ लागला असता? ‘‘घेऊ की कधीतरी,’’ असं ती म्हणायची आणि ते कधीतरी आलं नाही. दुपारी झोप अनावर झाली तरी त्याच्या स्टुलावर ती डोकं टेकत नसे. तो आला तर म्हणेल, माझी जागा कुणी घेतली?

उस्तादाची एक रीत होती. जे काही दुरुस्त करायचं, त्याच्या आत, झाकणाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी आपली खूण उठवायची. एक अर्धचंद्र आणि त्याच्या कुशीत एक टिंब. या धंद्यातले पुष्कळ लोक असं करतात. ‘‘गिऱ्हाइकासाठी नाही,’’ तो सांगायचा, ‘‘उद्या दुसऱ्या कारागिरानं उघडलं तर त्याला कळावं, इथं आधी कुणीतरी हात घालून गेलंय.’’ छिन्नी डाव्या हातात, म्हणून त्याचा चंद्र नेहमी एका बाजूला कलायचा, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. तीही पुढं तीच खूण उठवायला लागली. वेगळी कशाला? दुकान त्याचंच होतं.

तर अशी ही अफवा वीसेक वर्षं निर्धास्त नांदत असताना एक दिवस दुकानात खरोखरच पिस्तूल आलं.

आणलं जुनेरावानं. जुन्या वस्तूंचा हा दुकानदार. ज्याला घरचे अडगळ म्हणतात त्याला हा ‘दुर्मिळ’ म्हणायचा. त्यानं पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून ते काढलं आणि टेबलावर ठेवलं. समोर शिंपीणबाईचं मशीन थांबलं. इस्त्रीवाल्यानं या वेळी आठवणीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि तो बाहेर आला.

‘‘काय हो जुनेराव,’’ तो म्हणाला, ‘‘तिचं तिला परत द्यायला आलात?’’

‘‘या, आत या,’’ किल्लीवाली म्हणाली. ‘‘बघू तरी चालतंय का.’’

इस्त्रीवाल्याला एकाएकी कपड्यांची आठवण झाली.

जुनेराव म्हणाला, ‘‘वहिनी, हे कुठलं, कुणी केलेलं, कशाचं, एवढं मला सांगा. उघडायला माझा हात धजत नाही. आतल्या खुणा बघितल्याशिवाय याचं कूळ कळायचं नाही.’’

मूठ अक्रोडाच्या लाकडाची, हातात बरोबर बसणारी. वर घोडा होता, घोड्याच्या दाढेत चकमकीचा तुकडा. इथपर्यंत पिस्तूल सरळ होतं. पण पुढं नळीच नव्हती! नळीच्या जागी अंगठ्याच्या पेराएवढी एक उभी पितळी वाटी, वाटीवर घट्ट बसणारं झाकण आणि ते झाकण एका दातेरी चाकाला जोडलेलं. चाकाच्या कडेवर बारीक आकडे कोरले होते.

‘‘गोळी कुठून जायची?’’ वन्संनी दारातून विचारलं. त्या आत येत नव्हत्या.

‘‘जायचीच नाही,’’ किल्लीवाली म्हणाली. तिनं भिंग डोळ्याला लावलं. ‘‘नळीच नाही तर गोळी जाणार कुठून? आणि हे आकडे सजावटीचे नाहीत. बघा, पहिले आकडे झिजलेत, शेवटचे कोरे आहेत. चाक तिथवर कधी पोचलंच नाही. हे काहीतरी मोजतंय.’’

जुनेरावानं कपाळावर हात मारला. ‘‘अरे देवा! एका जुन्या पुस्तकात चित्र बघितलं होतं याचं. वाटीत चिमूटभर दारू घालायची, चाप ओढायचा. दारू पेटली की झाकण उडतं, चाक फिरतं. जितकी कडक दारू, तितका मोठा आकडा. वहिनी, हे दारूचा जोर मोजायचं यंत्र!’’

‘‘दारूचा जोर?’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘माझ्या सासऱ्यांच्या वेळी कुठं होतं हे मेलं!’’

‘‘ती दारू नव्हे हो, बंदुकीची.’’

‘‘त्यांची तरी कुठं वेगळी होती?’’

किल्लीवालीनं तोवर बाजूचे स्क्रू काढून पट्टी सोडवली होती. आतल्या प्रत्येक तुकड्यावर कानशीचे तीन बारीक चरे होते. घोड्यावर तीन, चापावर तीन, पट्टीच्या पाठीवर तीन. मूळ कारागिरानं एका वेळी अशी बरीच यंत्रं केली असणार आणि एकाचे तुकडे दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ही सोय. पट्टीच्या कोपऱ्यात फुलाचा एक छोटा ठसा होता, तो त्या कारागिराचा. जुनेराव फूल बघून हरखला. ‘‘कूळ लागलं! हे फूल मी शोधून काढतो.’’

‘‘एका तुकड्यावर चरे नाहीत,’’ किल्लीवाली म्हणाली.

चिमट्यासारखी दुमडलेली मोठी स्प्रिंग, घोड्याला ताकद देणारी. बाकी सगळं पोलाद पिकून तपकिरी झालेलं आणि ही मात्र अजून निळसर. पोलादाला पाणी देऊन तापवलं की जी निळी झाक येते ती अंगावर तशीच होती. चार-पाच वर्षांची असेल फार तर. मोडलेली स्प्रिंग काढून कुणीतरी नवी घडवून बसवली होती. तिनं ती चिमट्यात धरून उलटी केली आणि भिंगाखाली घेतली.

अर्धचंद्र. कुशीत टिंब. चंद्र भिंतीला टेकल्यासारखा एका बाजूला कललेला.

‘‘वहिनी?’’ जुनेराव म्हणाला. ‘‘काय झालं? मोडली का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘चांगली आहे. फार चांगली केलीय.’’ भिंग तिनं काढलंच नाही. त्याच्याआड डोळ्यांचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही. ‘‘हे कुठून आणलंत तुम्ही?’’

बंदराच्या गावातून, तो म्हणाला. तिथले एक म्हातारे घर आवरून मुलाकडं राहायला जाताहेत. तीन-चार तास बसनं.

जुनेराव गेल्यावर तिनं स्प्रिंग वन्संच्या तळहातावर ठेवली आणि भिंग पुढं केलं. वन्संनी उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं, मग मटकन खाली बसल्या. बसल्या त्या नेमक्या हलणाऱ्या लादीवर, पण ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

‘‘दादाचा हात आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार-पाच वर्षांचा म्हणजे... वहिनी, दादा आहे!’’

‘‘तुम्हाला काय वाटलं होतं, नाहीये म्हणून?’’

‘‘मला कुठं काय वाटलं होतं!’’ वन्सं म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. जुनेरावाला सांगून ते यंत्र बरोबर घेऊन दोघी सकाळच्या बसला बसल्या. वन्संनी भावाचा जुना स्वेटर धुऊन, वास घालवून पिशवीत घेतला होता. ‘‘बंदरावर वारा असतो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि त्याला स्वतःची थंडी कळत नाही.’’ किल्लीवालीनं बरोबर काहीच घेतलं नव्हतं. फक्त निघताना केस दोनदा विंचरले आणि वन्संनी ते बघितलं.

‘‘आता नटून काय उपयोग? केस पिकले की.’’

‘‘त्याचेही पिकले असतील.’’

‘‘तो भेटला की काय म्हणणार तुम्ही? शिव्या घाला आधी. मी आहे बरोबर.’’

किल्लीवालीनं खिडकीकडं तोंड केलं. शिव्या तिनं पहिल्या वर्षीच घालून संपवल्या होत्या; स्टुलाला घातल्या, व्हाइसला घातल्या. आता तिला त्याच्याकडून काहीच नको होतं. परत ये असंही म्हणायचं नव्हतं. स्वतःचाच एक शब्द परत घ्यायचा होता, बस्स. तो समोर दिसला, कुठल्याशा टपरीत कानस घासताना दिसला, की ती तेवढं म्हणेल आणि मग त्यानं वर बघितलं नाही तरी चालेल. रस्ताभर ती ते वाक्य मनातल्या मनात घासत राहिली. किल्लीसारखं, थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं.

म्हाताऱ्यांचं घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. यंत्र बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. त्यांच्या पणजोबांचा खाणींना सुरुंगाची दारू पुरवायचा धंदा. आलेलं प्रत्येक पिंप उघडून चिमूटभर दारू या वाटीत घालायची आणि आकडा कमी आला तर पिंप परत. पुढं स्प्रिंग मोडली आणि ते कपाटात पडलं.

‘‘मरायच्या आधी एकदा चालताना बघायचं होतं हो,’’ म्हातारे म्हणाले. ‘‘म्हणून करवून घेतली स्प्रिंग. नातवाच्या फटाक्याची दारू काढून घातली. चारवर गेलं चाक! सून अजून बोलत नाही माझ्याशी.’’

‘‘कुणी केली?’’ किल्लीवालीनं विचारलं.  ‘‘स्प्रिंग कुणी केली, आजोबा? उंच होता का? डाव्या हातानं काम करणारा?’’

‘‘होता कुठला? बाई होती.’’

 वन्सं उठून उभ्या राहिल्या.

‘‘बाई!’’ त्या म्हणाल्या. ‘‘वहिनी, ऐकलंत? बाई! म्हणजे दादानं तिला शिकवलं. स्वतःची खूणसुद्धा देऊन टाकली त्या सटवीला! कोण आहे ती, आजोबा? कुठं राहते? दिसायला कशी आहे?’’

‘‘मी नाही पाहिली,’’ म्हातारे बिचकून म्हणाले. ‘‘पुतण्याचा मुलगा गेला होता, तो शिकायला बाहेरगावी असतो. मोठी तिखट बाई होती म्हणे. हा मोडके तुकडे औषधाच्या डबीत घालून घेऊन गेला, तर म्हणते, कुठल्या कुलपाची ते सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.’’

‘‘वर मिजास!’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘आता त्या पोराला पिस्तुलाचं सांगायची भीती. उगाच चौकशी नको. तो म्हणाला, आजोबांच्या कपाटाची आहे.’’

किल्लीवालीनं डोळे मिटले. तिला डबी आठवली. पिवळ्या झाकणाची. पाय एका जागी न ठरणारा एक तरुण आठवला. ‘कपाटाची म्हणे! या स्प्रिंगनं कपाट उघडलं तर दार छातीवर येईल तुझ्या आजोबांच्या,’ असं ती त्याला म्हणाली होती. मग कुतूहलापोटी केलीच होती स्प्रिंग. तुकडे जुळवून माप घेतलं, पट्टी दुमडली, पोलाद मऊ होतं तोवर खूण उठवली, पाणी दिलं, डबीत घालून दिली आणि विसरून गेली. अशी किती कामं येतात आणि जातात.

वन्संचा पट्टा सुरूच होता. ‘‘दुसऱ्याचा संसार मोडून वर त्याचीच छिन्नी चालवायची! हात झडतील तिचे! कुठं असेल तिथं...’’

‘‘वन्सं.’’

‘‘मला नका अडवू. अशा बाईला तर...’’

‘‘वन्सं, गप्प बसा. ती सटवी मीच.’’

वन्संचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हाताऱ्यांना काही कळलं नाही. ते घाईघाईनं म्हणाले, ‘‘काम मात्र फार छान केलं होतं हो बाईनं,’’ आणि दोघींसाठी पाणी आणायला आत गेले.

हसण्यासारखीच चूक होती, आणि हसणारे पुढं हसलेही. पण जरा विचार करा. आपली खूण आपण परत कधी बघतो? उठवली की ती तेलात जाते, मग झाकणाखाली, मग कुणाच्या तरी घरी. या धंद्यात दुसऱ्याची खूण दिसते. स्वतःची उठवून पाठवायची असते. वीस वर्षांत तिनं स्वतःचा चंद्र असा भिंगाखाली, परक्याच्या वस्तूत, कधी पाहिलाच नव्हता. तिच्या डोळ्यांपुढं होता तो त्याचा. आणि त्याच्या खांद्यावरून बघून शिकलेला हात इतका त्याच्यासारखा झाला होता, की तो जिचा आहे तिलाच ओळखू आला नाही.

बसच्या थांब्यावर एका बाकावर दोघी बसल्या. वारा खरंच होता. वन्संनी पिशवीतून स्वेटर काढला, थोडा वेळ मांडीवर ठेवला, मग वहिनीच्या अंगावर टाकला. तो तिला फार मोठा होत होता. ती बाह्या दुमडायला लागली, मग थांबली आणि तशाच लोंबत्या ठेवल्या.

‘‘म्हणजे आहे की नाही, तेही कळलं नाही,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘नाही कळलं.’’

‘‘मला काल रात्री झोप नव्हती. मनात म्हटलं, आल्यावर त्याला गरम पाणी ठेवायला ते मोठं पातेलं माळ्यावरून काढावं लागेल.’’

किल्लीवालीनं लोंबत्या बाह्यांत हात ओढून घेतले. कालपर्यंत तो कुठंतरी असण्याची नुसती शक्यता होती आणि तिच्यावर ती बरी जगली होती. मग एक दिवस तो बंदराच्या गावात होता. स्प्रिंगा करत होता, चार तासांवर होता. आता तो तिथंही नव्हता. एका दिवसात तो तिच्याकडून दुसऱ्यांदा गेला होता आणि या वेळी त्याला दोष देता येत नव्हता.

बस येत नव्हती. वन्संनी घसा खाकरला. ‘‘वहिनी, एक विचारू? रागावू नका.’’

‘‘विचारा. तोंडात बोळा नाही ना आता?’’

‘‘मी दाढ काढून आले त्या दिवशी... दुपारी काय झालं होतं हो? इस्त्रीवाल्यानं आवाज ऐकला म्हणतो. तो खोटारडा आहे, मला माहीत आहे. पण कॉलर तर जळाली होती.’’

किल्लीवालीनं त्यांना सांगितलं. बस यायच्या आधी सांगून झालं, कारण सांगण्यासारखं थोडंच होतं.

त्या दुपारी भांडण झालं नव्हतं. घरात पिस्तूल नव्हतं. उस्तादानं हातातली कानस खाली ठेवली आणि तो म्हणाला, ‘‘मला इथं राहायचं नाही.’’ ती हिशेबात होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मग जा.’’ तो गेला. तिनं शटर दोन्ही हातांनी ओढून खाली आदळलं. इस्त्रीवाल्यानं ऐकला तो आवाज शटरचा होता.